चोरी, किंमत आणि शिक्षा : पाच शिलिंगांपासून पाच हजार रुपयांपर्यंत

प्रास्ताविक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला शिकवतो. त्याबरोबर प्रथम वर्षाचा ‘भारतीय राज्यघटना व कायदा’ हा विषयही माझ्याकडे असतो. एका तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दुकानातून चारशे रुपयांची वस्तू उचलली तर किती वर्षे आत जावे लागते?" वर्ग हसला. तास संपल्यावर तो एकटाच खोलीत आला, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता हे कळले. वसतिगृहातल्या त्याच्या मित्राला एका दुकानात पकडले होते. तिथे त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला आणि वस्तूच्या दहापट पैसे ‘दंड’ म्हणून भरायला लावले. मुलगा घाबरून आठवडाभर वर्गात आला नव्हता. आता करिअर संपले, असे त्याला वाटत होते.

या टिपणात त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या वाटेने शोधू. चोरीच्या शिक्षेत चोरलेल्या वस्तूच्या किमतीला किती महत्त्व द्यायचे, हा प्रश्न त्या वाटेवर पुन्हा पुन्हा समोर येतो.

१. पाच शिलिंगांची फाशी

आपल्या आजच्या चोरीच्या कायद्याचा सांगाडा ब्रिटिश काळात तयार झाला. म्हणून आधी इंग्लंडमध्ये काय चालले होते ते पाहू. तिथे १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल गुपचूप चोरणे हा फाशीचा गुन्हा ठरवला. पुढे १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी करणाऱ्यालाही तीच शिक्षा लागू झाली. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजणी केली, तेव्हा इंग्लंडमध्ये मृत्युदंडाचे सुमारे १६० गुन्हे होते. त्यांतले कितीतरी मालमत्तेविषयीचे होते.

शिक्षा इतकी कडक, तर चोऱ्या थांबायला हव्या होत्या. घडले वेगळेच. ज्युरीत बसलेल्या सामान्य माणसांना कापडाच्या एका तुकड्यासाठी कोणाला फासावर पाठवणे जड जाई. मग ते मालाची किंमत मुद्दाम कमी धरत. दहा शिलिंगांचे कापड निकालपत्रात चार शिलिंग दहा पेन्सचे होई आणि आरोपीची फाशी टळे. या दयाळू खोटेपणाची नोंद ब्लॅकस्टोननेच केली आहे. ज्यांना फाशी सुनावली जाई, त्यांतल्या अनेकांची शिक्षाही बदलून त्यांना समुद्रापार पाठवले जाई. १७८८ पासून ही माणसे ऑस्ट्रेलियात पोहोचू लागली.

सॅम्युअल रोमिली या खासदाराने नेमके यावर बोट ठेवले. शिक्षा भयंकर असूनही ती होईलच याची खात्री नसेल, तर तिचा धाक राहत नाही, असा त्याचा मुद्दा होता. १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द करून घेण्यात त्याला यश आले. दुकानातील चोरीविषयीचे त्याचे विधेयक मात्र हाउस ऑफ कॉमन्समध्ये संमत होऊनही लॉर्ड्सच्या सभागृहात १८१० मध्ये फेटाळले गेले. १८१८ मध्ये रोमिली वारला. ही फाशी टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे काम त्याच्यानंतर झाले.

२. मेकॉलेचा मसुदा : किंमत मागे, हेतू पुढे

त्या काळी भारतात सर्वत्र एकच फौजदारी कायदा नव्हता. बंगालमध्ये कंपनी सरकारने दुरुस्त केलेला इस्लामी फौजदारी कायदा चाले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत तयार झालेल्या १८२७ च्या नियमसंग्रहातील चौदावा नियम गुन्हे व शिक्षा ठरवत असे. ही विविधता मोडण्यासाठी मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. तो बरीच वर्षे पडून राहिला. अखेर १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला.

या संहितेच्या कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या आहे. तिचे पाच घटक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत : वस्तू जंगम असावी, ती दुसऱ्याच्या ताब्यात असावी, त्याची संमती नसावी, ती घेण्यामागे अप्रामाणिक हेतू असावा, आणि त्या हेतूने ती जागची हलवलेली असावी. किमतीचा यात उल्लेखच नाही. साध्या चोरीला कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्या मर्यादेत शिक्षा किती, हे न्यायाधीशाने ठरवायचे. पाच शिलिंगांची रेषा पुसली गेली ती इथे.

व्याख्येखालील एक दाखला आपल्या विषयाला थेट लागू पडतो. दुसऱ्याच्या घरात टेबलावर अंगठी दिसली. झडतीच्या भीतीने माणूस ती खिशात घालत नाही. मागाहून नेण्यासाठी घरातच अशा जागी लपवतो की मालकाला ती सापडू नये. संहिता म्हणते, त्याने अंगठी पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली. म्हणजे ‘मी दाराबाहेर गेलोच नव्हतो’ हा बचाव दरवेळी पुरेसा नाही. आजच्या स्वयंसेवा दुकानात वस्तू उचलून टोपलीत टाकायला दुकानदाराची संमतीच असते. तीच वस्तू न देता नेण्याच्या हेतूने पिशवीत दडवायला नसते. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र फिर्यादी पक्षाची.

हेतूचा हा विचार स्वातंत्र्योत्तर काळातही कसोटीला लागला. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य (१९५७) या खटल्यात हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीने १९५२ मध्ये जोधपूरहून परवानगीशिवाय हार्वर्ड जातीचे विमान उडवून पाकिस्तानात उतरवले होते. विमान कायमचे घ्यायचे नव्हते, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. वस्तू तात्पुरती घेतली तरी अप्रामाणिक हेतू असल्यास ती चोरीच, असे न्यायालयाने सांगितले.

आमच्या शाखेसाठी आणखी एक उदाहरण. वीज ही जंगम वस्तू आहे का? दंड संहितेच्या अर्थाने नाही. म्हणून १९१० च्या वीज कायद्याला कलम ३९ मध्ये, अप्रामाणिकपणे वीज घेणे ही चोरी ‘मानली जाईल’ असे वेगळे लिहावे लागले. आकडा टाकून वीज घेणाऱ्यावर आज २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली खटला चालतो, त्याचे मूळ इथे आहे.

३. संहितेची काळी बाजू : फटके आणि जन्माने गुन्हेगार

मेकॉलेच्या संहितेत फटक्यांची शिक्षा नव्हती. ती १८६४ च्या स्वतंत्र कायद्याने आणली गेली, आणि ज्या गुन्ह्यांना कैदेऐवजी फटके देता येत त्यांत चोरी होती. स्वतंत्र भारतात १९५५ मध्ये हा प्रकार बंद झाला.

याहून मोठा अन्याय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने केला. व्यक्तीने काय केले हे न पाहता संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून नोंदवली गेली. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यावर बंदी, वसाहतीत सक्तीचे वास्तव्य असे जिणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाट्याला आले. सोलापूरला अशा जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ज्या संहितेने हेतू सिद्ध झाल्याशिवाय चोरी नाही असे म्हटले, तिच्याच शेजारी जन्म हाच पुरावा मानणारा कायदा ८१ वर्षे उभा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. पण चोरी झाली की आधी याच वस्त्यांकडे वळणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

४. सुधारण्याची संधी

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याने वेगळी दिशा घेतली. पहिल्यांदाच चोरीत सापडलेल्या व्यक्तीला न्यायालय योग्य वाटल्यास केवळ ताकीद देऊन सोडू शकते. एकवीस वर्षांखालील अपराध्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, पाठवायचेच असेल तर कारणे नोंदवावीत, असेही हा कायदा सांगतो. शिवाय या कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली ज्याला सोडले, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नोकरीची चिंता करणाऱ्या विद्यार्थ्याला ही तरतूद माहीत असायला हवी.

५. भारतीय न्याय संहिता : किमतीची रेषा परत आली

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे. कमाल शिक्षा पूर्वीप्रमाणे तीन वर्षे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास मात्र किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी व दंड. त्याचबरोबर एक नवी सवलत आली : मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. नव्या प्रक्रिया संहितेनुसार अशी लहान चोरी अदखलपात्र व जामीनपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास किंवा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत.

लंडनमध्ये किमतीची रेषा ओलांडली की फास होता. आपल्याकडे तीच रेषा आता सवलतीसाठी आखली आहे.

एक सावधगिरी हवी. राहते घर किंवा ‘मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेली’ इमारत यांतील चोरीसाठी कलम ३०५ वेगळे आहे आणि तिथे कमाल शिक्षा सात वर्षे आहे. समाजसेवेची सवलत कलम ३०३ मध्ये लिहिली आहे, ३०५ मध्ये नाही. दुकान किंवा गोदामातील चोरीत कोणते कलम लावले जाते, यावर एखाद्या तरुणाचे पुढचे आयुष्य अवलंबून राहू शकते.

समारोप

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर. चारशे रुपयांची वस्तू उचलणे ही चोरीच आहे; रक्कम लहान म्हणून ती गंमत होत नाही. पण त्यासाठी दंड करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही, तो फक्त न्यायालयाला आहे. दुकानदार आपली वस्तू किंवा तिची किंमत मागू शकतो, पोलिसांकडे जाऊ शकतो, खटला झाल्यास कायद्यानुसार तडजोडही करू शकतो. कोंडून ठेवून दहापट वसुली करणे हा स्वतःच गुन्हा ठरू शकतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगायला लावले की घरी खरे सांग आणि वर्गात ये. तो आला. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती न्याय्य आणि निश्चित आहे का, हे पाहावे, असे रोमिली दोनशे वर्षांपूर्वी सांगत होता. पाच शिलिंगांच्या फाशीने चोर सुधारले नाहीत. ज्युरीला मात्र खोटे बोलायला शिकवले.

विचारासाठी प्रश्न

१. १६९९ च्या इंग्लिश कायद्यातील आणि भारतीय न्याय संहितेतील किमतीच्या मर्यादेचा उद्देश कसा वेगळा आहे?
२. ‘वस्तू दुकानाबाहेर नेली नाही, म्हणून चोरी नाही’ हे विधान अंगठीच्या दाखल्याच्या आधारे तपासा.
३. गुन्हेगार जमाती कायदा दंड संहितेतील ‘हेतू’ या तत्त्वाशी कसा विसंगत होता?