पवनी: दोन दिवस आणि दोन हजार वर्षं

आमच्या टीममधला एक मित्र सहा महिने इंग्लंडला ऑनसाइट होता. दर सोमवारी फोटो हजर! कधी यॉर्क, कधी कँटरबरी. नवरा-बायको, मागे जुनं कॅथेड्रल, हातात कॉफी. आम्ही नागपुरात बसून नुसतं 'वा वा' करायचो. शेवटी ही म्हणाली, "अरे, माझं आजोळ पवनीच्या बाजूचं. नदी, घाट, देवळं सगळं आहे तिथे. कॉफीचं तेवढं सांगता येत नाही." मग काय, शनिवारी सकाळी निघालो.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत साधारण 80 किलोमीटर. भिवापूर म्हणजे मिरची, त्यामुळे परतताना डिकी कशाने भरणार हे आधीच ठरलेलं होतं. पुढे भंडारा जिल्ह्यात शिरलं की वैनगंगेच्या काठी पवनी. इतकी देवळं की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. पंचमुखी गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. एकाच दगडात पाच गणेश कोरलेले, कुठल्याही बाजूने गेलात तरी दर्शन होतंच. संध्याकाळी वैजेश्वर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो आणि यॉर्क-बिर्क विसरलो.

पण पवनीची खरी गंमत देवळांच्याही आधीची आहे. गावाला मातीचा जुना तट आणि खंदक आहे, उरलेली बाजू नदी सांभाळते. जगन्नाथ टेकडी नावाच्या उंचवट्यावर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्यामागचे दोन अभ्यासक. टेकडीच्या पोटात निघाला एक बौद्ध स्तूप, व्यास सुमारे 38 मीटर! सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीसच्या आसपास आहे. म्हणजे आपण शाळेच्या सहलीत भोपाळच्या पुढे जाऊन जे पाहतो, त्याच तोलाचं काहीतरी घराजवळ होतं आणि आपल्या गावीही नव्हतं.

आता तिथे गेलात तर सांचीसारखा घुमट किंवा तोरणं दिसणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो. माझाही पाच मिनिटं विरस झाला. पण स्तूपाच्या कठड्याचे जे दगडी खांब सापडले, त्यांच्यावर ब्राह्मी लिपीत छोटे छोटे लेख आहेत. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे आणि शेजारी त्याचं नावही कोरलंय. बाकी बरेचसे लेख म्हणजे कोणी दान दिलं त्याची नोंद. त्यात विसमिता नावाची एक उपासिका आहे. दान दिलं, आणि सगळ्या जीवांचं भलं व्हावं एवढंच मागितलं.

पवनीतच भगदत्त नावाच्या भार राजाचा शिलालेख सापडला आहे, आणि रूपिअम्म नावाच्या क्षत्रपाचा स्मृतिस्तंभही. ते सत्ताधारी, त्यांची नावं राहणारच. पण विसमिता? आमच्या भाषेत सांगायचं तर एवढ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये एकच कमिट करणारी बाई. तिचं नाव दोन हजार वर्षं लॉगमध्ये टिकलं!

हे मी मोठ्या उत्साहाने हिला सांगत होतो. ती नुसती "हं" म्हणाली. कारण रविवारी आम्हाला मामांकडे जायचं होतं.

मामा पुनर्वसनातल्या गावात राहतात. पवनी तालुक्यातच गोसीखुर्दचं धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. धानाला पाणी मिळावं म्हणून धरण बांधलं आणि वरच्या अंगाची बरीच गावं पाण्याखाली गेली. हिचं आजोळ त्यातलंच एक. जेवण झाल्यावर मामा आम्हाला पाण्याच्या कडेला घेऊन गेले आणि हात लांब करून म्हणाले, "त्या पलीकडं, तेथंच तं होतं आपलं घर. बाजूले तुझ्या आजीची चिंच." आम्हाला नुसतं पाणी दिसत होतं.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. भिवापूरला मिरची घ्यायला थांबलो तेव्हा ही म्हणाली, "आजीचं नाव सातबाऱ्यावर तरी होतं. शेजारच्या कोतवालाच्या बायकोचं काय? दळायला यायची तिचं? त्यांची नावं कुठेच नाहीत."

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. मला पवनीने उलटं शिकवलं. कोणीतरी छिन्नी घेऊन 'हे अमुकचं दान' असं खोदलं, म्हणून विसमिता उरली. नाव आपोआप उरत नाही, कोणाला तरी ते लिहावं लागतं.

तर सध्या आमच्या घरी रोज रात्री मामांना फोन असतो. मी एक्सेलमध्ये करू म्हणालो होतो, पण हिने दोनशेपानी वही आणली आहे. पारापासून सुरुवात करून घरांच्या ओळीने नावं लिहिणं चालू आहे. काल सत्तावीस घरं झाली. कोतवालाच्या बायकोचं नाव सरस्वती होतं.