एक्सलमधून तेल गळतंय? पॅकिंग लावायचं की सिलिकॉन?

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप माळशेज घाट उतरते, तेव्हा सगळी भिस्त ब्रेकवर असते. अशा गाडीच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला, तर तो किरकोळ समजू नये. एक्सलमधलं गिअर ऑइल ड्रममध्ये उतरून लायनरवर आलं, की ब्रेक नीट धरत नाही. तेल प्यालेले लायनर पुसून भागत नाही, ते बदलावेच लागतात.

पण चाकापाशी होणारी ही गळती बहुतेक वेळा ऑइल सीलची असते. तिथे सील बदलणं हाच उपाय. पॅकिंग की सिलिकॉन, हा प्रश्न येतो तो दोन धातूचे भाग बोल्टने जिथे जोडले जातात तिथे, म्हणजे मुख्यतः डिफरन्शियलच्या जोडावर.

कागदी पॅकिंगची जाडी सगळीकडे सारखी असते. ते बसवलं, बोल्ट आवळले, तेल भरलं की गाडी लगेच निघते. मात्र जोडाचा पृष्ठभाग सपाट हवा. जुनं पॅकिंग छिन्नीने खरवडताना पडलेले ओरखडे नवं पॅकिंग भरून काढत नाही. सिलिकॉन ते भरतं. पण ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं आणि पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात. सकाळी माल पोचवायचा असेल, तर एवढा वेळ कुणाकडे असतो? शिवाय लावण्याआधी जोड तेलकट राहिला, तर ते धरतच नाही. जास्त थापलं तर आत सुटलेले तुकडे तेलात फिरत राहतात. खिडक्यांच्या काचांना लावायचं सिलिकॉन इथे अजिबात चालत नाही.

‘दोन्ही लावा, डबल सेफ्टी’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो टाळलेला बरा. सिलिकॉनमुळे कागद निसरडा होतो आणि बोल्ट आवळताना जागचा सरकतो.

मग निवडायचं कसं? कंपनीने जे लावलं होतं, तेच. अनेक गाड्यांच्या या जोडावर कारखान्यातूनच सिलिकॉन असतं. उलट काही ठिकाणी पॅकिंगच्या जाडीवरच बेअरिंगची फट ठरते. तिथे पॅकिंग काढून नुसतं सिलिकॉन लावलं, तर गळती थांबेल, पण बेअरिंग जाईल.

जोड उघडण्याआधी एक्सलवरचा ब्रीदर तपासावा. तो चिखलाने बुजला, की गरम झालेल्या हवेचा दाब तेलाला बाहेर ढकलतो आणि नवं पॅकिंगही गळू लागतं.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या चिखलणीला उतरणाऱ्या ट्रॅक्टरचं दुखणं उलटं असतं. तिथे पाणी आत शिरतं. तेल दुधाळ दिसलं, तर आधी पाणी शिरण्याची वाट शोधून बंद करावी आणि सगळं तेल बदलावं.