हिवाळ्याच्या सकाळी गाडी तापवावी का?

डिसेंबर-जानेवारीत गोव्यातील पहाट गारठ्याची असते. पणजीत किमान तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तर सत्तरी, धारबांदोडा, सांगे या डोंगरालगतच्या तालुक्यांत ते आणखी काही अंशांनी खाली जाते. या दिवसांत अनेक घरांपुढे एक नित्याचे दृश्य दिसते. गाडी सुरू करून अंगणात उभी ठेवलेली असते, घरात चहा-नाश्ता चाललेला असतो आणि पाच-दहा मिनिटांनी ‘इंजिन तापले’ या समाधानाने मंडळी कामावर निघतात.

ही सवय एका काळी आवश्यक होती. आजच्या बहुतेक गाड्यांना आणि येथील हवामानाला तिची गरज उरलेली नाही. उलट पर्वरीहून पणजीला किंवा फातोर्ड्याहून मडगावला रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीची खरी झीज होते ती प्रवास लहान असल्यामुळे, आणि त्या झिजेवर गाडी उभ्या उभ्या तापवणे हा उपाय नव्हे.

सवयीचे मूळ

पेट्रोल जळण्यासाठी त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळावी लागते. इंजिन थंड असताना पेट्रोलचा काही भाग वाफ न होता थेंबांच्या रूपातच राहतो. त्यामुळे सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल अधिक द्यावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम कार्ब्युरेटर आणि चोक करीत. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उदाहरण अनेकांच्या स्मरणात असेल. चोक ओढायचा, गाडी सुरू करायची, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की चोक आत ढकलायचा. घाई केली तर गाडी पहिल्याच वळणावर बंद पडे. ‘गाडी तापू दे’ हा वडीलधाऱ्यांचा आग्रह त्या अनुभवातून आलेला आहे.

पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली. आता हवेचे व कूलंटचे तापमान मोजणारे सेन्सर संगणकाला माहिती पुरवतात आणि किती पेट्रोल सोडायचे हे तो क्षणाक्षणाला ठरवतो. चोकचे काम यंत्रच करीत असल्याने गाडी सुरू होताच चालवण्यास योग्य असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ निकषांनंतर दुचाकींतही ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

इंजिनाला नेमके काय हवे असते?

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल बरेचसे इंजिनाच्या तळाशी उतरलेले असते. गाडी सुरू होताच पंप ते वर चढवतो आणि काही सेकंदांत ते सर्व फिरत्या भागांपर्यंत पोहोचते. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘०डब्ल्यू-२०’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असून त्याच्या आधीचा अंक जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक प्रवाही राहते. ही तेले शून्याखालच्या तापमानातही वाहू शकतात. गोव्यातील गारठा त्यांच्या दृष्टीने थंडी नव्हेच.

म्हणून गाडी सुरू केल्यावर सीटबेल्ट लावणे, आरसे पाहणे यात जो अर्धा मिनिट जातो, तेवढा पुरेसा आहे. त्यानंतर गाडी सौम्यपणे चालवत न्यावी. चालत्या गाडीत इंजिनावर भार असतो, त्यामुळे ते उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. शिवाय गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग आणि टायर हे भाग गाडी चालू लागल्याशिवाय तापतच नाहीत.

उभ्या गाडीचा हिशेब

लहान पेट्रोल गाडी उभ्याने चालू ठेवल्यास ढोबळमानाने तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जळते. रोज दहा मिनिटे आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर दोन ते चार लिटर पेट्रोल एक मीटरही अंतर न कापता संपते.

इंधनापेक्षाही मोठा प्रश्न झिजेचा आहे. थंड इंजिनात अधिक सोडलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढते आणि त्याचा काही भाग खालच्या तेलात मिसळतो. इंजिन जितका वेळ थंड राहील, तितका वेळ हे चालू राहते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांचा धूर सर्वांत दूषित असतो आणि तो आपल्याच दारात साचतो. जर्मनीत आपल्यापेक्षा कितीतरी कडक हिवाळा असतो. तरी तेथील वाहतूक नियमांनुसार इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई आहे.

आपल्याकडेही एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या केलेल्या वाहनात चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. नसल्यास इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा वाहन आपोआप हलणार नाही अशी तजवीज केलेली असावी. गाडी रस्त्यावर चालू ठेवून चहासाठी घरात जाणे या नियमात बसत नाही. चोरीची आणि अपघाताची भीती वेगळीच.

लहान अंतराचे दुखणे

एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सकाळी सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब गळताना दिसतात ते याच कारणाने. इंजिन पुरते तापले की ही वाफ बाहेर निघून जाते. मात्र चार किलोमीटरच्या प्रवासात कूलंट जेमतेम तापतो. तेलाला त्याहून अधिक वेळ लागत असल्याने ते कोमटच राहते. मग पाणी आणि पेट्रोलचा अंश तेलातच राहतो, सायलेन्सर आतून गंजू लागतो आणि तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळसर साय जमते. अशी साय दिसली आणि त्यासोबत कूलंटही कमी होत असेल, तर गॅस्केटमध्ये दोष असू शकतो. गाडी मेकॅनिकला दाखवावी.

बॅटरीचेही तसेच. स्टार्टर फिरवताना तिच्यातून जो मोठा प्रवाह जातो, तो लहान प्रवासात पुरता भरून येत नाही. गाडी उभ्याने चालू ठेवून ही तूट फारशी भरत नाही, कारण तेव्हा अल्टरनेटर मंद फिरत असतो.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग २५-३० मिनिटे चालवावी; आठवडाभरात तेलात साठलेला ओलावा त्यामुळे निघून जाण्यास मदत होते. दुसरा, तेल बदलताना केवळ किलोमीटर पाहू नयेत. वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुधा रोजचा लहान प्रवास ‘कठीण वापर’ या सदरात मोडतो आणि त्यासाठी तेल बदलण्याची मुदत कमी दिलेली असते. गाडी वर्षभरात तीन हजार किलोमीटरच चालली, म्हणून तेल चांगलेच असेल, असे मानू नये.

डिझेल गाड्यांसाठी

डिझेल गाडीची किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेचे चिन्ह उजळते. तो ग्लो प्लगचा दिवा होय. तो विझल्यावरच गाडी सुरू करावी. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे खास हिवाळी डिझेल आणले ते यासाठीच. गोव्यात हा प्रश्न उद्भवत नाही.

येथील डिझेल चालकाची अडचण निराळी आहे. भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ही काजळी जळून जाण्यासाठी धूर अतिशय तापावा लागतो. रोजच्या लहान प्रवासात तसे होत नाही आणि गाळणी तुंबते. तिचा इशारा देणारा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी महामार्गावर काही काळ एकसारख्या वेगाने चालवावी. दुर्लक्ष केल्यास खर्च मोठा होतो.

बंद गॅरेजमधील धोका

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू अधिक असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे माणूस श्वास घेत असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे होत. गुंगीत माणसाला स्वतःहून उठून बाहेर जाण्याचे भान राहत नाही.

म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी क्षणभरही तापवत ठेवू नये. दार उघडे असले तरी वायू आत कोंडू शकतो आणि घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो खोल्यांत शिरू शकतो. गाडी सुरू करताच बाहेर काढावी. इमारतीच्या तळघरातील पार्किंगलाही हाच नियम लागू आहे. कोणाला त्रास होऊ लागल्यास त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सकाळी निघताना

गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारावी. उबेसाठी मांजरे चाकाच्या वर किंवा इंजिनाजवळ दडून बसतात. काचेवरचे दव कापडाने किंवा वायपरने पुसावे. आतून काच धुरकट झाली असेल, तर एसी लावून हवेचा झोत काचेकडे वळवावा. एसी हवेतील ओलावा काढून घेतो, त्यासाठी इंजिन तापण्याची वाट पाहावी लागत नाही. काच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत मात्र गाडी हलवू नये.

पहिले दोन-तीन किलोमीटर अॅक्सिलरेटर जोरात दाबू नये, इंजिनाला उगाच रेस देऊ नये. अनेक गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत डॅशबोर्डवर निळा दिवा दिसतो. तो विझेपर्यंत संयमाने चालवावे. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असल्यास चोक लावून, मोकळ्या जागेत, एक-दोन मिनिटे थांबणे योग्य. इंजिन एकसारखे चालू लागताच चोक बंद करावा. विजेवरील गाडीत तापवण्यासारखे इंजिनच नसते. ती सुरू करून लगेच निघावे.