साक्ष, स्थळ आणि परग्रह : रिद्धपूरचे गद्य व चंद्रप्रवासाची कादंबरी

परग्रहावरील मानवी संचाराचे वर्णन करणाऱ्या कादंबरीपुढे एक मूलभूत अडचण असते. जे स्थळ वाचकाने पाहिलेले नाही, आणि लेखकानेही पाहिलेले नाही, त्याविषयी विश्वास कसा उत्पन्न करावयाचा? हा प्रश्न वरवर विज्ञानाचा वाटला, तरी मुळात तो गद्याचा आहे. आणि मराठी गद्याचा विचार करावयाचा तर रिद्धपूरपासून आरंभ करणे भाग आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरांच्या प्रयाणानंतर, त्यांचे अनुयायी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आले. म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते मिळविले व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. 'लीळाचरित्र' सिद्ध झाले ते या रीतीने. परंपरा त्याचे लेखनस्थान रिद्धपुरातील वाजेश्वरी हे सांगते. लीळा कोठे घडली, कोणत्या प्रसंगी घडली, समोर कोण होते, याची नोंद हा या ग्रंथाचा विशेष होय. एकाच प्रसंगाचे भिन्न पाठ सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदविण्याची प्रथाही महानुभाव पोथ्यांत आढळते. मतभेद झाकण्यापेक्षा तो नोंदविणे अधिक प्रामाणिक, ही दृष्टी त्यामागे आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ सामान्यतः १९०० साली मानला जातो. त्या वर्षी कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हेर्नच्या चंद्रविषयक कादंबरीचे भाषांतर 'चंद्रलोकची सफर' या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. चंद्र हा आजच्या खगोलशास्त्राप्रमाणे उपग्रह. परंतु आपल्या नवग्रहांत त्याची गणना होत असल्याने मराठी वाचकास हा ग्रहावरचाच प्रवास वाटला असल्यास नवल नाही.

व्हेर्नच्या मूळ कथेचे दोन भाग अनुक्रमे १८६५ व १८७० साली ग्रंथरूपाने आले. नऊशे फूट लांबीच्या तोफेतून सुटलेल्या गोळ्यात तिघे प्रवासी आहेत. पण ते चंद्रावर उतरतच नाहीत, त्यास वळसा घालून परततात. चंद्राची अंधारी बाजू एका उल्केच्या स्फोटाने क्षणभर उजळते, तेव्हा काही तरी दिसल्यासारखे त्यांना वाटते. परंतु ते खरे की दृष्टिभ्रम, याचा निर्णय होत नाही. म्हणजे कल्पित प्रवासातही लेखकाने साक्षीची मर्यादा पाळली आहे. तिघांनी पाहिलेले असूनही ते सिद्ध झाले असे तो म्हणत नाही. आणि म्हणूनच वाचक उरलेल्यावर विश्वास ठेवतो.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. रिद्धपूरच्या गद्याचा या भाषांतरावर प्रभाव पडला असे म्हणता येणार नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळा आदी सांकेतिक लिप्यांत दीर्घकाळ बंदिस्त होते. विसाव्या शतकात त्यांचा उलगडा झाल्यावर ते सर्वसाधारण अभ्यासकांसमोर आले, आणि 'लीळाचरित्र' ह. ना. नेने यांनी त्या शतकाच्या चौथ्या दशकात छापण्यास आरंभ केला. १९०० सालच्या वाचकास ते उपलब्ध नव्हते. साम्य आहे ते वारशाचे नसून गरजेचे आहे : न पाहिलेल्यास पाहिलेले सांगताना गद्याला साक्षीदार लागतो.

वऱ्हाडातील एक स्थळ या दोन्ही टोकांना जोडते. चक्रधरांच्या भ्रमणात लोणार येते. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य समजले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झाल्याचे दाखविले. चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यास असे स्थळ पृथ्वीवर दुर्मीळ. एकाच काठाची एक साक्ष लीळेत आहे, दुसरी खडकात. पहिलीस दुसरीची कल्पना नव्हती, तरी स्थळाचे नाव टिकवून तिने आपले काम केले.

दुसरा मुद्दा भाषेचा. तत्त्वज्ञान संस्कृतात गेल्यास वृद्ध शिष्यिणी त्यास मुकतील, या विचाराने नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. ज्ञान कोणाच्या भाषेत सांगावे हाच प्रश्न जयंत नारळीकरांपुढेही होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली व ती प्रथम आली. पुढे 'प्रेषित' या कादंबरीत त्यांनी प्रवासाची दिशाच उलटविली. तेथे परग्रहावरचा जीव पृथ्वीवर येतो, आणि आपलेच जग परके म्हणून पाहावे लागते.

२०२३ च्या अधिनियमाने रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. तेथे विज्ञानकथेचा अभ्यास होईल, तेव्हा पहिली कथा कोणाची एवढ्यावर तो थांबू नये. कल्पित साक्षीदारास लेखकाने किती पाहू दिले, किती संशयित ठेवले, आणि ते कोणास कळेल अशा मराठीत सांगितले, ही कसोटी अधिक फलदायी ठरेल. ती कसोटी परकी नाही. मराठी गद्याने ती आपल्या आरंभीच स्वतःस लावून घेतली होती.