रोज कादंबरी लिहिणारा प्रोफेसर : ना. सी. फडके आणि प्रेमकथेचं तंत्र

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं नेटवर्क कल्याणनंतर रुसतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' येतात ते बऱ्यापैकी काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

आजचा विषय प्रेमकथा लिहिणारा माणूस. प्रेमकथा नाही, हां. ती लिहिणारा माणूस, त्याची लिहायची सवय, त्याच्या आवडीनिवडी, आणि त्यावरून महाराष्ट्रात झालेली भांडणं. माणसाचं नाव नारायण सीताराम फडके. तुमच्या आजीला विचारा, ती ओळखेल. कदाचित थोडी लाजेल पण.

आधी आकडे, कारण मी इंजिनिअर आहे आणि मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. फडक्यांचा जन्म १८९४ चा, मृत्यू १९७८ चा. पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर!' आली १९१७ मध्ये. तिथपासून शेवटपर्यंत त्यांच्या सत्तरहून जास्त कादंबऱ्या झाल्या. भागाकार करा. एकसष्ट वर्षं, सत्तरहून जास्त कादंबऱ्या. म्हणजे वर्षाला एकाहून जास्त, आणि हे सहा दशकं सलग. कथासंग्रह, लघुनिबंध, टीका, चरित्रं यात धरलेलीच नाहीत. माझ्या गिटहबवर सलग दोन आठवडे हिरवे चौकोन दिसले तर मी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकतो. या माणसाने साठ वर्षं स्ट्रीक मोडली नाही.

बरं, हा फुलटाइम लेखक होता का? तर नाही. फडके प्राध्यापक होते. विषय तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, मानसशास्त्र. सुरुवात पुण्यात, पण सगळ्यात मोठा काळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. सकाळी पोरांना सिलॉजिझम शिकवायचा, आणि त्याच आयुष्यात नायिकेच्या डोळ्यांचं वर्णनही करायचं. मला आधी हे विचित्र वाटायचं. मग त्यांच्या पद्धतीबद्दल वाचलं आणि कळलं की या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगळ्या नव्हत्याच.

१९३१ मध्ये त्यांनी 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तक काढलं. कादंबरी आणि कथा कशी लिहायची, याचं हे पुस्तक. नाव नीट बघा. प्रतिभा हा शब्द आपल्याकडे देवाच्या देणगीसारखा वापरतात. असली तर असते, नसली तर घरी बसा. फडके त्याला 'साधन' हा शब्द जोडतात. म्हणजे प्रतिभा असेलही, पण तिला कामाला लावायची रीत शिकता येते. कथानक कसं बांधायचं, सुरुवातीलाच वाचकाला कसं धरायचं, गुंता कुठे वाढवायचा, उत्कंठा किती ताणायची, पात्र बोलतं कसं, वातावरण कशाने उभं राहतं, शेवट कधी करायचा. सगळं सुटं करून टेबलावर मांडलेलं. त्या काळी इंग्रजीत कथालेखनाच्या तंत्रावर पुस्तकं येत होती, त्यांचा प्रभाव यावर आहेच. पण मराठीत कुणीतरी पहिल्यांदा इतक्या सविस्तर म्हणत होतं, की बाबा, इंजिन असं चालतं, बॉनेट उघडून बघ.

हे तंत्र त्यांनी स्वतः कसं मिळवलं, तेही बघण्यासारखं आहे. ती पहिली कादंबरी, 'अल्ला हो अकबर!', मारी कोरेली या त्या काळी तुफान खपणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या 'टेम्पोरल पॉवर' या कादंबरीवर आधारलेली होती. म्हणजे सुरुवात झाली दुसऱ्याचा कोड वाचून, तो आपल्या भाषेत चालवून बघण्यापासून. मग 'कुलाब्याची दांडी', 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार', 'निरंजन' अशी रांग लागली. 'जादूगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची. तोवर हात बसला होता.

आवडीनिवडी काय? पुस्तकांमधूनच दिसतात. शहर आवडतं, कॉलेज आवडतं. शिकलेली, बोलकी, स्वतःचं मत असलेली नायिका आवडते. सुंदर जागा आवडतात, काश्मीर तर एका कादंबरीच्या शीर्षकातच आहे, 'काश्मीरी गुलाब'. आणि भाषा? गुळगुळीत, सोपी, समोर बसून गप्पा मारल्यासारखी. त्यांच्या लघुनिबंधांचं नावच 'गुजगोष्टी'. 'रत्नाकर' मासिकातून ते आले, आणि मराठीत हा प्रकार रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात. रोजच्या एखाद्या फालतू गोष्टीवरून सुरू करायचं आणि वाचकाच्या खांद्यावर हात टाकून पुढे न्यायचं. आज आपण पॉडकास्टमध्ये जे करतो ना, 'अरे तुला एक गंमत सांगतो', तो आवाज कागदावर आणायचं काम या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी केलंय.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, छान छान प्रेमकथा, त्यात एवढं काय? इथेच थांबा जरा. काळ बघा.

'दौलत' आली त्याच वर्षी, १९२९ मध्ये, सारडा कायदा पास झाला. त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय होतं चौदा, मुलाचं अठरा. आणि या चौदासाठीसुद्धा देशभर भांडण झालं होतं. अशा काळात एक प्राध्यापक कादंबरीमागून कादंबरी लिहितो, जिच्यात मुलगी कॉलेजात जाते, मुलाशी वाद घालते आणि कोण आवडतं ते स्वतः ठरवते. आज ते गोड वाटतं. तेव्हा ती एक शक्यता होती, जी वाचणाऱ्या बहुतेक मुलींच्या घरात नव्हती. दार बंद करून वाचायची ती पुस्तकं यासाठी.

आणि फडके हे फक्त कथेत बोलत नव्हते. १९२७ मध्ये त्यांनी इंग्रजीत 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. विषय संततिनियमन आणि सुप्रजनन. प्रस्तावना कुणाची? अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ उभी करणाऱ्या मार्गारेट सँगर यांची. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. त्या पुस्तकातला सुप्रजननाचा भाग, म्हणजे कुणी मुलं जन्माला घालावीत हे वरून ठरवायचा विचार, आज वाचताना खटकतो, आणि खटकायलाच हवा. पण एवढं नक्की, की चांदण्यातल्या भेटी लिहिणाऱ्या या माणसाला त्या भेटींच्या पुढे बाईच्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न माहीत होता.

मग भांडण कुठे झालं? भांडण झालं 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' यावर. फडके म्हणत, कलेचं काम सौंदर्य आणि आनंद देणं. तिच्याकडून उपदेश मागू नका. दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर. कोकणात शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं मास्तरकी केलेला माणूस. त्यांचं म्हणणं, आजूबाजूला एवढं दुःख असताना लेखकाने नुसता आनंद देऊन कसं चालेल? गंमत म्हणजे १९३८ मध्ये खांडेकरही कोल्हापुरात आले. म्हणजे मराठी वाचकांना वर्षानुवर्षं दोन गटांत वाटणारे दोघे एकाच गावात राहत होते. फडके १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, खांडेकर लगेच पुढच्या वर्षी सोलापूरचे. पुढे खांडेकरांना 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळालं, फडक्यांना १९६२ मध्ये पद्मभूषण. म्हटलं तर स्कोअर बरोबरीत.

माझा कौल कुणाला? सांगतो, पण आधी अंबरनाथला येऊ.

मी राहतो बुवापाड्याला. आमच्या गावाची ओळख काय, तर शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे तिथे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा रिकामी नाही. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. ते ज्यांनी घडवलं त्यांच्याकडे नियम होते. कुठला कोन किती, कुठला थर कशावर, कुठली मूर्ती कुठल्या दिशेला. कारागीर ते नियम शिकून, तेच ते हजार वेळा करून तयार झाले. आणि म्हणून ते सौंदर्य कमी झालं का? नाही ना. उलट नियम हातात मुरला होता, म्हणून छिन्नीला मोकळीक मिळाली. 'तंत्राने लिहिलेलं ते खोटं' असं कुणी म्हणालं, की मला ही भिंत आठवते.

म्हणून माझा अर्धा कौल फडक्यांना. कारण प्रतिभा ही फक्त देणगी आहे असं म्हटलं, की ती कुणाच्या घरी असते? ज्यांच्या घरी आधीपासून पुस्तकं आहेत, ज्यांचे काका संपादक आहेत त्यांच्या घरी. लिहिणं शिकता येतं म्हटलं, की ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा विमकोच्या काडेपेटी कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाच्या नातवालाही दार उघडतं.

उरलेला अर्धा कौल मात्र मी देत नाही. कारण फडक्यांनी दार उघडलं, पण आतल्या खोलीत आमच्यासारखे लोक फारसे नव्हते. त्यांच्या नायकाला महिनाअखेरीची चिंता क्वचितच असते. मशीन इतकं छान चालू लागलं, की त्यात काय घालायचं हा प्रश्न मागे पडला. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही पुण्यात कॉलेजलाच जातो. जागा तीच, वय तेच. पण तो खानदेशातल्या खेड्यातून आलाय, त्याला मेसचं बिल आहे, बापाचा धाक आहे, एकटेपणा आहे, आणि तिथे कुणी गुलाब घेऊन उभं नाही. एका पुस्तकाने फडक्यांचं कॉलेज एकदम जुनं करून टाकलं.

पण प्रेमकथा संपली नाही हां. ती मासिकांत शिरली, फिरत्या वाचनालयांत शिरली, स्वस्त झाली. आणि स्वस्त झाल्यावर कोर्टात गेली. हा किस्सा ऐकाच.

चंद्रकांत काकोडकर. प्रेमकथांचे भरपूर खपणारे लेखक. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली, आणि अश्लीलतेची तक्रार झाली. कलम २९२. खालच्या कोर्टाने सोडलं. हायकोर्टाने दोषी धरलं, दंड पंचवीस रुपये, आणि अंकाच्या प्रती नष्ट करायचा आदेश. पंचवीस रुपये भरून माणूस मोकळा झाला असता. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. २५ ऑगस्ट १९६९ ला निकाल लागला, सुटका. कोर्टाने कथेला डोक्यावर घेतलं नाही, लेखक अजून कच्चा आहे असंच साधारण मत दिलं. पण म्हटलं, की समाजाची मोजपट्टी बदलत असते, आणि कथा थोर नाही म्हणून ती अश्लील ठरत नाही. लैंगिक गोष्टीचा नुसता उल्लेख गुन्हा मानला, तर धार्मिक पुस्तकं सोडून काही विकताच येणार नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात राजेश खन्ना आणि मुमताजचा 'दो रास्ते' आला. कथा कुणाची? काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरची. ऑगस्टमध्ये अश्लीलतेच्या खटल्यातला आरोपी, डिसेंबरात सहकुटुंब बघायच्या पिक्चरचा लेखक. माणूस तोच, लेखणी तीच.

मला या सगळ्यातून काय दिसतं, ते सांगून थांबतो. प्रेमकथा लिहिणाऱ्याला आपल्याकडे कायम दोन बाजूंनी मार पडतो. एक बाजू म्हणते हलकं आहे, दुसरी म्हणते बिघडवणारं आहे. दोघांचा राग एकाच गोष्टीवर असतो, की तरुण माणूस एकटा बसून, कुणालाही न विचारता, 'मला कोण आवडेल' याचा विचार करतोय. तो विचार आजही महाग आहे. माझ्या वयाच्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲपवर रोज बायोडाटाच्या पीडीएफ येतात. त्यात उंची असते, पगार असतो, पोटजात असते. तुला काय आवडतं, हा रकाना बहुतेक वेळा 'छंद' या शब्दाखाली एका ओळीत संपतो.

फडक्यांनी तो रकाना सत्तरहून जास्त वेळा, पुस्तकभर लांब केला. त्यातली बरीच पुस्तकं आज जुनी झालीत, काही वाचवतही नाहीत. तरी जवळच्या वाचनालयात जा आणि 'प्रतिभासाधन' मागा. जुनं, पिवळं, बाइंडिंग सुटलेलं मिळेल बहुतेक. ते वाचून झालं की एक कथा लिहून बघा. फडक्यांचं तंत्र घ्या, माणसं मात्र तुमच्या स्टेशनची घ्या.