ठाण्याची जमीन आणि सुरगाण्याची वाट

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकास, सह्याद्रीचा माथा जेथे गुजरातच्या दिशेने उतरू लागतो आणि नार व पार या नद्या गोदावरीची संगत नाकारून पश्चिमेची वाट धरतात, तेथे सुरगाणा नावाचे एक लहानसे संस्थान १९४८ पर्यंत नांदत होते. देशमुख ही पदवी धारण करणारे त्याचे अधिपती आणि नाशिकचा कलेक्टर हाच त्यांच्यावरील पोलिटिकल एजंट, अशी तेथील राज्यव्यवस्था असे. या डोंगराळ मुलखाचा आणि ठाणे शहरातील मनोरुग्णालयाच्या आवाराचा संबंध जोडू पाहणे वाचकास विचित्र वाटेल. परंतु नाशिक जिल्ह्यातील ज्या मनोरुग्णास दीर्घ उपचाराची गरज पडते, त्याला ठाण्यास पाठवण्याची वहिवाट जुनी आहे. आणि त्या आवाराचे पुढे काय करावे याचा खल आज चालू असताना रेल्वे, महानगरपालिका, आरोग्य खाते, न्यायालय आणि वृक्षप्रेमी नागरिक या सर्वांचे म्हणणे कागदावर येते, मात्र ज्यांची माणसे तेथे आयुष्य कंठतात त्या खेड्यांचे म्हणणे कोठेही नोंदलेले आढळत नाही.

सुरगाण्यात मनुष्याचे डोके फिरले तर प्रथम भगताकडे जायचे, हा प्रघात आहे. भगत सुपात धान्याचे दाणे टाकतो, त्यांची मांडणी निरखतो आणि बाधा घरची की बाहेरची, देवाची की मेलेल्याची, याचा निर्णय देतो. येथील कोकणा समाजात मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवात अंगात वारे येणे ही लज्जेची गोष्ट मानली जात नाही. पावरीच्या सुरावर रात्र रात्र घुमणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी नागलीच्या खळ्यावर कामास उभा राहतो आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा मानस नाही. वारे उतरलेच नाही, मनुष्य हिंसक झाला किंवा अन्नपाणी सोडून कोपऱ्यात बसला, तर भगताचे शास्त्र तेथे संपते, आणि मग दोरखंड, खांब व बंद खोली एवढेच उपाय कुटुंबाच्या हाती उरतात, हे डोंगरात राहणारा प्रत्येकजण जाणतो. तथापि एवढे मान्य केले पाहिजे, की रोगी गावातच राहत असे, आणि त्याच्या दुःखाची जबाबदारी गावावर असे.

कंपनी सरकारच्या अखेरीस ही जबाबदारी सरकारने आपल्याकडे घेतली, ती मुख्यतः बंदोबस्ताच्या दृष्टीने. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्याने पोलीस अंमलदारास असा अधिकार दिला, की मोकाट भटकणारा अथवा धोकादायक वाटणारा वेडा मनुष्य पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभा करावा. मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्यावा आणि त्यास वेड्यांच्या इस्पितळात रवाना करावे. मुंबईत कुलाब्याचे इस्पितळ १८२६ पासून चालू होतेच. पुढे नागपूर (१८६४) आणि रत्नागिरी (१८८६) ही उभी राहिली. सुरगाण्यासारख्या संस्थानात हा कायदा आपोआप लागू होत नसे. म्हणजे संस्थानी हद्दीतील वेडा भगताच्या हवाली, आणि तोच घाट ओलांडून दिंडोरी किंवा कळवणच्या बाजारात भटकताना सापडला तर पोलिसांच्या हवाली, असा हा हद्दीचा खेळ होता.

पोलीस जो कागद रोग्यासोबत पाठवीत, त्या वर्णनपत्रकाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. त्यात नाव, जात, धंदा, वय आणि वेडाचे कारण अशी सदरे असत. अनोळखी, भाषा न समजणाऱ्या, नातलग जवळ नसलेल्या मनुष्याच्या वेडाचे कारण चौकीवरील शिपायाने कोठून शोधावे? त्याने सोयीचे उत्तर शोधले, आणि ते म्हणजे गांजा. इस्पितळाने ते कारण आपल्या वहीत उतरवले, वहीवरून वार्षिक अहवाल झाला, अहवालावरून गांजाने हिंदुस्थानात वेड पसरते असा सिद्धांत विलायतेत रूढ झाला. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने जेव्हा १८९२ सालच्या इस्पितळांतील १,३४४ प्रवेशांची फेरतपासणी केली, तेव्हा गांजाच्या खाती घातलेल्या २२२ रोग्यांपैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत त्या कारणास काही आधार असल्याचे निघाले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे मिसळलेली होती. सरकारी दप्तराने आपल्याच दप्तराची इतकी निर्दय झडती घेतल्याची उदाहरणे विरळा. ठाण्याच्या आवारात जुन्या रोगी-नोंदवह्या जेथे जेथे उरल्या असतील, त्या इमारतीच्या दगडविटांहून अधिक मोलाच्या आहेत असे मी मानतो, ते याच कारणासाठी.

ठाण्याचे इस्पितळ १९०१ सालचे. मुंबईचे शेठ नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्यास देणगीच्या निमित्ताने जोडले गेले. मुंबई-ठाणे लोहमार्ग तत्पूर्वी जवळपास अर्धशतक, १६ एप्रिल १८५३ रोजी, सुरू झालेला होता. पण तेव्हाचे ठाणे म्हणजे तुरुंग, कचेऱ्या, तलाव आणि भाताची खाचरे, त्यामुळे सत्तर एकरांच्या वर विस्ताराचे आवार मिळण्यास अडचण पडली नाही. एवढी जमीन औदार्यापोटी दिली गेली असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकातील मनोवैद्यकाची अशी धारणा होती, की मोकळी हवा, झाडांची सावली, भाजीचा मळा आणि नेमाने करावयाचे श्रम यांनी विस्कटलेले मन सावरते. म्हणून जमीन हीच औषधयोजनेचा भाग होती. त्यातच जमाखर्चाचीही सोय होती. रोग्यांनी पिकवलेला भाजीपाला आणि विणलेले कापड यांची किंमत मुंबई इलाख्यातील इस्पितळांचे अहवाल काटेकोरपणे मांडीत, आणि दर रोग्यामागील खर्चातून ती वजा दाखवीत. श्रम हे औषध की वेठ, ही शंका घेण्याचा अधिकार ज्याला होता त्याच्या म्हणण्यास वहीत सदर नव्हते. इस्पितळाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या अभ्यागतांत तुरुंग खात्याचा वरिष्ठ अधिकारी पदसिद्ध असे, एवढ्यावरून त्या व्यवस्थेचा कल कळून येतो.

१९१२ चा वेड्यांविषयीचा नवा कायदा आला, १९२० च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळांच्या पाट्या बदलून ती मनोरुग्णालये झाली, तरी भिंतींची उंची तीच राहिली. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा १९४६ च्या अहवालात त्यांनी स्पष्टच नोंदवले, की ही स्थाने बहुतांशी रोगी डांबून ठेवण्याची आहेत. आणि चाळीस कोटींच्या देशात अशा खाटा होत्या सुमारे दहा हजार. स्वातंत्र्यानंतर ठाण्याच्या रुग्णालयाचे नाव ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ झाले. येरवडा, नागपूर, रत्नागिरी आणि ठाणे हे या राज्याच्या मनोरोग व्यवस्थेचे चार खांब ठरले. मुंबईकरांच्या थट्टेत ‘याला ठाण्याला धाडा’ हे वाक्य तेवढे टिकून राहिले.

दरम्यान शहर वाढत वाढत आवाराच्या कुंपणापाशी येऊन ठेपले. ज्या मोकळेपणासाठी जमीन घेतली होती, तोच मोकळेपणा आता दोष ठरला: मोकळी म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे उपलब्ध, अशी नगररचनेची तर्कपद्धती असते. कडेने झोपड्या उठल्या. ठाणे स्थानकावरील गर्दी वाटून घेण्यासाठी ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवे स्थानक व्हावे, आणि त्यासाठी रुग्णालयाच्या आवारातील सुमारे पंधरा एकर जमीन घ्यावी, अशी योजना निघाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. या जमिनीवर रुग्णालयाखेरीज दुसरे बांधकाम करण्यास आरंभी असलेली मनाई २०२३ साली शिथिल झाली. उरलेल्या जागेत जुन्या बराकी पाडून बंगळूरच्या निम्हान्स या मनोरोग संस्थेच्या धर्तीवर तीन हजारांहून अधिक खाटांचे नवे रुग्णालय उभारण्याचा संकल्प शासनाने सोडला, आणि त्यापायी तोडाव्या लागणाऱ्या वृक्षांवरून ठाणेकरांनी तक्रार केली. रोज लक्षावधी माणसे ज्या फलाटांवर चेंगरतात, त्यांचा विचार करता स्थानकाला माझा विरोध नाही. खाटांविषयी मात्र मला बोलायचे आहे, आणि त्यासाठी आधी एका परदेशी आवाराची गोष्ट सांगितली पाहिजे.

१९७१ साली इटलीतील त्रिएस्ते शहराच्या मनोरुग्णालयाचा कारभार फ्रांको बसाल्या या वैद्याकडे आला, तेव्हा टेकडीवरील त्या विस्तीर्ण आवारात सुमारे बाराशे रोगी होते. १९७३ मध्ये रोग्यांनी व कलावंतांनी मिळून कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा घडवला, तो दारातून बाहेर जाईना, म्हणून दार फोडून त्याची मिरवणूक शहरात नेली, ही कथा प्रसिद्ध आहे. आज तेथे उद्यान आहे, गुलाबांचा बगीचा आहे, विद्यापीठाचे वर्ग भरतात, आणि ‘स्ट्रॉबेरीची जागा’ अशा अर्थाच्या नावाचे एक उपाहारगृहही आहे. (सुरगाण्यातील बोरगावच्या उतारावर अलीकडे स्ट्रॉबेरी लावणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना हे नाव आवडेल.) परंतु पर्यटकास दिसत नाही ते असे, की मनोरुग्णालये बंद करणारा १९७८ चा कायदा होण्यापूर्वीच, १९७५ पासून, शहराच्या निरनिराळ्या भागांत अहोरात्र उघडी राहणारी छोटी केंद्रे सुरू झाली होती, प्रत्येकात मोजक्याच खाटा, रोग्याला त्याच्या वस्तीजवळ उपचार मिळू लागले, आणि मगच १९८० मध्ये मोठे रुग्णालय बंद झाले. जमीन मोकळी झाली ती सर्वांत शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा चालला आहे: जमिनीची वाटणी आधी, रोग्याच्या गावाची आठवण नंतर, जमल्यास.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकास जिल्ह्यातच या सेवा मिळण्याचा, आणि केवळ घरी नेणारे कोणी नाही म्हणून रुग्णालयात अडकून न राहण्याचा हक्क दिलेला आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरून मनुष्यास ठाण्यास न्यायचे तर प्रथम एस.टी.ने वणी-दिंडोरीवरून नाशिक, मग नाशिक रोडहून कसारा घाट उतरणारी गाडी. सोबत दोन माणसे, त्यांची बुडालेली मजुरी, आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीच्या बागांतून मिळणाऱ्या रोजावर सोडलेले पाणी. एकदा पोहोचवून आलेल्याने पुन्हा भेटीस जाणे म्हणजे तोच सारा खर्च पुन्हा. त्यातून भेटी लांबतात, लांबता लांबता थांबतात, आणि रोगी बरा होऊनही खाटेवर राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातील काही गावांनी रस्ते, पाणी आणि दवाखाने यांच्या अभावास कंटाळून आपणास गुजरातेत सामील करावे अशी मागणी केली. मार्च २०१८ मध्ये याच तालुक्यातील हजारो माणसे शेतकऱ्यांच्या मोर्चात लाल झेंडे घेऊन नाशिकहून मुंबईस पायी गेली होती, तीही ठाणे शहर ओलांडूनच.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात एक साधी गोष्ट केली होती. आवारात तंबू ठोकून त्यांत रोग्यासोबत कुटुंबालाही उतरवले; नातलग शुश्रूषा शिकले, आणि रोगी बहुधा त्यांच्याचबरोबर परत गेले. आपल्याकडील आराखड्यात वाहनतळास जागा असते, तशी या पाहुण्यांसाठी एक धर्मशाळा असावी, चूल मांडण्याच्या सोयीसह, कारण खेड्याकडचा मनुष्य उपाहारगृहात दोन दिवस जेवू शकत नाही. भाजीचा मळा राहावा, पण त्यात राबणाऱ्यास त्याची मजुरी रोख मिळावी. जुन्या बराकींपैकी एक राखून तीत नोंदवह्या अभ्यासकांसाठी जतन कराव्यात. आणि या आवाराच्या प्रत्येक एकराचा जो काही मोबदला शासनाच्या खात्यावर जमा होईल, त्यातून सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोरोगाच्या दहा खाटा, महिन्याकाठी नियमाने येणारा तज्ज्ञ आणि औषधाचा न तुटणारा पुरवठा एवढी तरतूद ठाण्याच्या इमारतीचा पहिला दगड बसण्यापूर्वी व्हावी. भगतालाही त्या खाटांची वाट ठाऊक असावी. दाणे पाहून झाल्यावर काही रोग्यांना तोच तेथे पाठवील, आणि ठाण्याच्या तीन हजार खाटांपैकी कितींची खरोखर गरज आहे, याचा हिशेब मग नव्याने करता येईल.