पिशवीतला पायमोजा

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून बडोद्याला परत येत होते. गाडी सुरतेच्या अलीकडे बराच वेळ थांबली. डब्यातले सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले. मी पिशवीतून सुया आणि अर्धा विणलेला पायमोजा काढला. टाच वळवायची वेळ आली होती, आणि टाच वळवायला निवांतपणा लागतो. समोरची मराठी मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, बाजारात जोडी किती स्वस्त मिळते! एवढा खटाटोप कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून घरी आल्यावर जरा मागे वळून पाहिलं.

पायमोज्याचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जुना. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या उत्खननात सापडलेली लाल लोकरीची एक जोडी आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातली. एकाच सुईने धाग्याचे फास ओवत केलेली. तिचा अंगठा वेगळा ठेवलाय, कारण वरून चप्पल घालायची होती! थंडीत अंगठ्याचे मोजे घालून चपला सरकवणाऱ्या आपल्या बायकांना यातली गंमत वेगळी समजवायला नको.

आपल्याकडे सुयांवरचं विणकाम, क्रोशा आणि लेस घराघरांत पसरली ती १९व्या शतकात, मुख्यतः मिशनरी बायकांच्या शाळांमधून. दक्षिणेत नागरकोइलला मार्था मॉल्ट या बाईंनी १८२०च्या दशकात मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली. पुढे आंध्रात नरसापूरच्या परिसरात क्रोशाच्या लेसचा मोठाच व्यवसाय उभा राहिला. तिकडे आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा बायकांनी क्रोशाची लेस विकून कितीतरी घरं तगवली. म्हणजे ज्याला आपण 'फावल्या वेळातला छंद' म्हणतो, त्यानं चुली पेटत्या ठेवल्या आहेत.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यात मुलीही आल्या. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ मध्ये सुरू झालं, बायकांच्या हाताला काम आणि कामाला मोल मिळावं म्हणून. याच चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदनही त्याच काळातलं, १९०९चं. शिवण, भरतकाम, विणकाम यांच्या निमित्तानं बाई उंबऱ्याबाहेर पडली, हे त्या पिढीचं मोठं काम.

निमित्त हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या सासूबाई दांडिया बाजारातल्या वाड्यात नांदल्या. त्या सांगायच्या, "अगं, नुसतं बाहेर निघालं की 'कुठे चाललीस?' हातात विणकामाची पिशवी असली की कुणी विचारत नसे." शेजारणीकडे, देवळाबाहेरच्या पारावर, कमाटीबागेच्या बाकावर पिशवी हा त्यांचा परवाना होता. रिकामी बसलेली बाई डोळ्यांवर यायची, विणत बसलेली नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले, त्यात त्यांचेही हात होते. त्या वेळी चौकात बसून विणलं तरी कुणी नाक मुरडलं नाही, हे त्या जरा अभिमानानं सांगत.

बाहेर विणायला लेस आणि मोजा हेच का सोयीचे, तेही सांगते. स्वेटर वाढत जातो तशी मांडी उबते आणि पिशवी फुगते. मोजा मुठीत मावतो. लेसची नक्षी आठ-दहा टाक्यांची असते, ती एकदा हाताला पाठ झाली की तोंड गप्पांना मोकळं. सुयांवरच्या लेसचं गणितही साधं आहे. सुईवर धागा घेऊन एक छिद्र पाडलं की टाका वाढतो. म्हणून दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. हिशोब जुळला तर जाळी सुंदर, चुकला तर उसवा. गाडीच्या धक्क्यात टाका निसटला तर सहप्रवासी बायका सुई शोधायला खाली वाकतात, आणि मग वलसाडपर्यंत ओळख पक्की होते.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या कपाटात एक पाठकोरी वही मिळाली. तीत लेसची मापं होती. किती वार दिले, किती पैसे आले, दुकानदारानं कुठे भाव पाडला. वहीच्या मागे माझ्या नणंदेच्या कॉलेजच्या फीचा आकडा आणि त्यापुढे एक बरोबरची खूण. मी या घरात आल्यापासून ऐकत होते, "आई वेळ जात नाही म्हणून विणते." असं म्हणणाऱ्यांत मीसुद्धा होते.

मारिया मीज या अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या लेसवाल्यांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. तिथेही हेच. दिवसातले सहा-आठ तास लेस विणायची, आणि घरच्यांनी म्हणायचं, ती काय, घरीच तर बसलेली असते. लेस परदेशात जायची, पैसा व्यापाऱ्याच्या घरात. आंध्रातली बाई आणि दांडिया बाजारातली बाई, दोघींच्या कष्टाचं नाव एकच: फावला वेळ.

म्हणून त्या मुलीला आता उत्तर द्यावंसं वाटतं. बाळ, मला परवानाही नको आहे आणि भावही. आज मी हात रिकामे ठेवून गाडीत बसले तरी मला कुणी बोलणार नाही. म्हणूनच विणण्याचा आनंद आता खरा माझा आहे. हा हक्क सासूबाईंना नव्हता. त्यांना विणण्याचा आनंद होताच, पण तो नेहमी कसल्या तरी कारणाच्या पदराआड लपवावा लागला.

पायमोज्याची ती जोडी पूर्ण झाली. नणंदबाईंना दिली, वहीसकट. त्यांनी मोजे बाजूला ठेवले आणि आधी वहीचं मागचं पान उघडलं.